चाक की बुडबुडे

"चाक म्हणजे चाक," सूग्योक म्हणाली आणि तिने माशाचा तुकडा पेजेत इतक्या जोरात टाकला, की पेज नवऱ्याच्या, खिंगसानच्या, सदऱ्यावर उडाली.

"बघ, हेच. चाकाचं हेच असतं. नुसतं पाणी उडवायचं," खिंगसान सदरा पुसत म्हणाला. "बुडबुड्यांचं तसं नाही. तळाशी नळ्या टाकायच्या, खालून हवा सोडायची. वर काही दिसणार नाही, काही ऐकू येणार नाही."

"दिसणार नाही, ऐकू येणार नाही, मग चालू आहे की बंद ते कळणार कसं? माशांना विचारून?"

कूकांग गावात प्रत्येक घराच्या मागे तळं आहे आणि प्रत्येक तळ्यात साबाही मासे आहेत. या माशाची आई मायाळू आणि बाप कष्टाळू असला पाहिजे, कारण तो खातो भरपूर आणि वाढतो झपाट्याने. पण एका तळ्यात इतके मासे म्हटल्यावर पाण्यातली हवा पुरत नाही. ती बाहेरून घालावी लागते. त्यासाठी पाण्यावर तरंगणारी चाकं असतात. ती आपल्या पात्यांनी पाणी वर उडवतात, पाणी हवा घेऊन खाली येतं. छपछपछप. आमच्या गावात बाळ जन्मल्यावर आईच्या आवाजाआधी हा आवाज ऐकतं, असं म्हणायला हरकत नाही.

खिंगसानची चाकं म्हातारी झाली होती. गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे ती बंद पडली आणि उजाडेपर्यंत सगळं तळं पांढरं झालं. पोट वर करून तरंगणारे मासे. वास आठवडाभर गेला नाही. मुलगा बुनहाव ताओयुआन शहरातून धावत आला, नाकाला रुमाल लावून बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, आई, झालं ते झालं. पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा असं झालं, तर तळं बंद. तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचं. मी काही ऐकणार नाही."

बुनहावचं घर सातव्या मजल्यावर. सूग्योक आणि खिंगसान एकदा तिथे राहून आले होते. कचरा टाकायला खाली जायचं, तर लिफ्टमध्ये लोक भेटतात म्हणून ती चांगला सदरा घालून जायची. खिंगसानने गच्चीत उभं राहून इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं होतं, "इथे पाणी कुठे आहे?" मुलाने त्याला नळ दाखवला होता.

तेव्हा आता नवं काहीतरी घ्यायला हवं होतं आणि ते चुकून चालणार नव्हतं. चूक झाली, तर सातवा मजला.

चाकं विकायचा सूग्योकचा धाकटा भाऊ सुईलाय. बुडबुड्यांची यंत्रं विकायचा खिंगसानचा शाळासोबती कोकहुई. दोघे एकाच दुपारी आले. एकाने पेरू आणले होते, एकाने अननसाच्या वड्या. दोघे ओसरीवर शेजारीशेजारी बसले आणि एकमेकांकडे पाहून अशा प्रेमाने हसले, की बघणाऱ्याने पेरू कापायची सुरी आधी आत नेऊन ठेवावी.

"दाजी, चाक डोळ्यांना दिसतं," सुईलाय म्हणाला. "बिघडलं तर हातोडी घेऊन पाण्यात उतरलात की झालं. याच्या नळ्या तळाच्या चिखलात. बिघडल्या तर बघायला पाणबुड्या बोलवावा लागेल."

"बरोबर आहे," कोकहुई म्हणाला. "चाक बिघडतंच, त्यामुळे हातोडी लागतेच. खिंग्या, तू किती वर्षं हातोडी घेऊन उतरतोयस? गुडघे बघ तुझे. नळ्या कशा, एकदा टाकल्या की विसरून जायचं."

"विसरून जायला नळी म्हणजे काय सासू आहे?" सूग्योक आतून म्हणाली.

आता कूकांगमध्ये एखाद्याला तोंडावर 'नको' म्हणायची पद्धत नाही. 'बघू' म्हणतात, 'विचार करतो' म्हणतात, 'पेरू फार गोड आहेत' म्हणतात. सुईलायला नको म्हटलं, तर नव्या वर्षाला सूग्योकने माहेरी कुठल्या तोंडाने जायचं? कोकहुईला नको म्हटलं, तर खिंगसानच्या आईच्या अंत्ययात्रेत ज्याने सख्ख्या मुलासारखा खांदा दिला, त्याला नको म्हटल्यासारखं. पाहुणे गेल्यावर दोघे नवराबायको बराच वेळ पेरू खात बसले.

"आपण ठरवलं की कोणीतरी रागावणार," सूग्योक म्हणाली.

"मग कोणी ठरवायचं?"

"राजेसाहेबांनी. त्यांच्यावर रागवायची कोणाची छाती आहे?"

राजेसाहेब म्हणजे आमच्या गावचे देव. पूर्वी समुद्रावरून एका रिकाम्या होडीत बसून आले आणि इथेच राहिले. त्यांना कौल लावायचा तो लाकडाच्या दोन लाल चंद्रकोरींनी. कोरीची एक बाजू सपाट, एक फुगीर. दोन्ही हातांत घेऊन प्रश्न विचारायचा आणि खाली टाकायच्या. एक सपाट वर आणि एक फुगीर वर पडली, तर होय. दोन्ही फुगीर वर, तर नाही. आणि दोन्ही सपाट वर पडल्या, तर राजेसाहेब हसले. मोठ्या कामाला लागोपाठ तीन होय लागतात.

कौल लावताना स्वतःचं नाव, पत्ता आणि काम कोणासाठी आहे ते नीट सांगावं लागतं. राजेसाहेबांच्या पदरी पुष्कळ गावं आहेत. मागे एकाने लग्न जमावं म्हणून कौल घेतला, घर नंबर सांगायला विसरला आणि वर्षाच्या आत त्याच्या शेजारच्या विधुर म्हाताऱ्याचं लग्न झालं. म्हातारा अजून देवळात नारिंगं ठेवतो.

खिंगसानने उदबत्त्या लावल्या, गुडघे टेकले, नाव सांगितलं, पत्ता सांगितला, "माझ्या तळ्यासाठी विचारतोय," म्हणाला. "राजेसाहेब, बुडबुडे घेऊ का?"

कोरी खटकन पडल्या. दोन्ही सपाट.

"हसले," देवळाचे राखणदार हायचुआ काका म्हणाले. ते खांबाला टेकून कलिंगडाच्या बिया सोलत होते.

"मग चाकं घेऊ का?"

दोन्ही सपाट.

"परत हसले. अरे, प्रश्न नीट विचार. पुटपुटतोस काय? देव असले तरी त्यांचं वय झालंय."

खिंगसानने मोठ्याने विचारलं, उलटं विचारलं, फिरवून विचारलं. राजेसाहेब हसतच राहिले. देवळाच्या पायरीवर पत्ते खेळत बसलेले म्हातारे डाव टाकून आत आले.

"देव हसतो म्हणजे प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात असतं," हायचुआ काका बीचं साल थुंकत म्हणाले. "लपवलंयस का काही, खिंगसान?"

"मी? मी काय लपवणार?" खिंगसान म्हणाला. पण त्याचे कान कोरींपेक्षा लाल झाले.

इथे खरं सांगून टाकायला हवं. खिंगसानने आदल्याच संध्याकाळी कोकहुईला शब्द दिला होता. माल पाठव म्हणाला होता. देवाकडे तो विचारायला आला नव्हता, देवाचं नाव पुढे करायला आला होता. असं आपण सगळेच करतो, फक्त बाकीच्यांच्या वेळी देव बहुधा दुसरीकडे बघत असतात.

घरी येऊन तो म्हणाला, "राजेसाहेबांनी काही सांगितलं नाही."

"तुम्हाला विचारताच येत नाही," सूग्योक म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गेली. तिने नाव सांगितलं, पत्ता सांगितला, "माझ्या तळ्यासाठी," म्हणाली. राजेसाहेब तिलाही हसले. हसणारच. तिने भावाला खिंगसानच्याही आधी शब्द दिला होता.

दुपारपर्यंत गावभर झालं, की खिंगसानच्या तळ्यावर देव हसले. संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावात गेलं. दुसऱ्या दिवशी लोक तळं बघायला यायला लागले. बांधावर उभे राहून पाण्यात निरखून बघायचे, कुठे काय हसण्यासारखं आहे ते. आमच्याकडे चार माणसं एका जागी उभी राहिली, की सॉसेजवाला तिथे पोचतोच. तोही आपली गाडी घेऊन आला आणि निखारे फुंकू लागला.

"हसले म्हणजे खूश झाले," सुईलाय बहिणीला म्हणाला. "चाकाचं नाव काढल्यावर हसले ना? मग?"

"हसले म्हणजे पसंत आहे," कोकहुई मित्राला म्हणाला. "बुडबुड्यांना आधी हसले ना? झालं तर मग."

हायचुआ काकांचं मत निराळं होतं. "इतकं हसायला लागलेत, म्हणजे राजेसाहेबांना करमणूक हवी आहे. बाहुल्यांचा खेळ ठेवा." सूग्योकच्या मनात आधीच चोर होता. तिने एका पायावर हो म्हटलं. खेळाला वीज लागते आणि देवळातले दिवे जेमतेम जळतात, म्हणून खिंगसानच्या तळ्यावर अडीनडीला ठेवलेला जनरेटर देवळात गेला. "एका दिवसाचा तर प्रश्न," सूग्योक म्हणाली. माणसाची सगळी संकटं एका दिवसाचीच असतात. फक्त ते दिवस नेमके एकत्र येतात.

खेळाच्या दिवशी सकाळी हवा अगदी पडली होती. लांब समुद्रात कुठेतरी वादळ होतं. आभाळ तवा झाकल्यासारखं, पान हलत नव्हतं. अशा हवेत पाणी गुदमरतं. खिंगसान पहाटेपासून बांधावर होता. जुनी चाकं खोकत खोकत का होईना, चालत होती. छपछपछप.

तेवढ्यात पश्चिमेकडून बांधावर एक ट्रक आला. त्यात निळी नवीकोरी चाकं होती. पूर्वेकडूनही एक ट्रक आला. त्यात काळ्या नळ्यांची भेंडोळी होती. बांधावर एका वेळी एकच गाडी जाते. दोन्ही ट्रक मधोमध नाकाला नाक लावून उभे राहिले.

"मागे घ्या," निळ्या चाकांच्या ट्रकमधून सुईलाय ओरडला.

"तुम्ही घ्या," कोकहुई दुसऱ्या ट्रकमधून म्हणाला. "मला मालकाने बोलावलंय."

"मला मालकिणीने बोलावलंय."

खिंगसानने बायकोकडे पाहिलं. बायकोने खिंगसानकडे.

"तू शब्द दिलास?"

"तुम्ही दिलात?"

"आणि वर मला कौल लावायला पाठवलंस?"

"आणि तुम्ही गेलात? शब्द देऊन?"

सॉसेजवाल्याने गाडी जरा जवळ आणली. बघ्यांनी जागा धरल्या. म्हणजे राजेसाहेब यालाच हसत होते, हे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. फक्त ते बोलून दाखवायचं धाडस कोणात नव्हतं.

दोन्ही ड्रायव्हर पाच-दहा मिनिटं मान वळवून बसले. मागे जाणं म्हणजे हरणं. मग सुईलायलाच वाटलं, बहिणीचं घर आहे, आपणच मोठेपणा घ्यावा. "हातभर मागे घे," तो ड्रायव्हरला म्हणाला. ट्रक हातभरच मागे आला. पण बांधाची कड रात्रीच्या दवाने ओली होती. मागचं चाक खचलं, ट्रक तळ्याकडे कलला आणि त्याच्या फळीने विजेच्या खांबावरची पेटी अलगद उपटून काढली. एक ठिणगी उडाली, मुख्य बटण पडलं आणि तळ्यातली सगळी चाकं थांबली.

आवाज बंद झाला.

ज्यांना माहीत नाही, त्यांना हे सांगून कळायचं नाही. आमच्या गावात माणूस गोंगाटाने दचकत नाही. छपछप थांबली की दचकतो. खिंगसान आणि सूग्योक दोघांचीही मान एकाच क्षणी पाण्याकडे वळली. भांडण जिथे होतं तिथेच पडलं.

"जनरेटर!" खिंगसान म्हणाला.

"देवळात," सूग्योक म्हणाली. बघ्यांतला एक पोरगा देवळाकडे धावत सुटला.

थोड्या वेळाने पहिला मासा वर आला. पाण्यावर तोंड उघडून हवा गिळू लागला. मग दुसरा आला. मग बघता बघता सगळं तळं तोंडांनी भरून गेलं. लहान लहान गोल तोंडं, उघडतायत, मिटतायत. बघे बांधाच्या कडेशी आले. खिंगसानला गेल्या उन्हाळ्याचा वास नाकात आला. आपण सातव्या मजल्यावर गच्चीत उभे आहोत आणि खाली बघतोय, असं त्याला दिसलं. त्याने चपला काढल्या आणि कपड्यांसकट पाण्यात उडी टाकली.

तो हातांनी पाणी उडवायला लागला. दोन्ही हात उचलायचे, आपटायचे. सूग्योक कपडे धुवायचं मोठं घमेलं घेऊन शेजारी उतरली. मग सुईलाय उतरला. मग कोकहुई उतरला, तो नवे बूट घालून आला होता ते तसेच. दोन्ही ड्रायव्हर, तळं बघायला आलेली माणसं, सगळे उतरले. कोणी बांबू आपटत होतं, कोणी टोपलीने पाणी वर फेकत होतं. सॉसेजवाल्याने शेगडीवरचं झाकण घेतलं. देव ज्या तळ्यावर हसले, ते तळं आता छातीपर्यंत माणसांनी भरलं होतं.

"काय गं, एवढी चाकांच्या मागे का लागली होतीस?" धापा टाकत खिंगसानने विचारलं.

"हात चालवा."

"चालवतोय. सांग."

"तुम्हाला झोप लागत नाही म्हणून," सूग्योक घमेलं आपटत म्हणाली. "मागे चाक दुरुस्तीला गेलं होतं तेव्हा तुम्ही तीन रात्री पडवीत येरझाऱ्या घालत होतात. तुमच्या त्या मुक्या नळ्या आल्या असत्या, तर तुम्ही जन्मात झोपला नसतात."

खिंगसानचे हात क्षणभर थांबले.

"आणि तुमचं काय? नळ्यांचं एवढं काय होतं?"

"लग्न होऊन आलीस त्या रात्री काय म्हणाली होतीस, आठवतं?"

"काय?"

"म्हणालीस, 'हा आवाज कधी थांबतो?' मी म्हटलं, थांबत नाही. तू उशी डोक्यावर घेतलीस. चाळीस वर्षं घेतेयस." तो पाण्याकडे बघत म्हणाला, "म्हटलं, म्हातारपणी तरी उशी डोक्याखाली ठेवशील."

सूग्योकने घमेलंभर पाणी उचललं आणि त्यातलं बरंचसं त्याच्या तोंडावर उडवलं. मुद्दाम की चुकून, ते ठरवता आलं नाही. पण तिचे डोळे ओले होते. अर्थात त्या तळ्यात त्या वेळी कोरडं असं कोणीच नव्हतं.

देवळातून जनरेटर आला तो हातगाडीवर, बाहुल्यांच्या खेळवाल्यांसह. हायचुआ काका पुढे होते आणि त्यांच्या हातात चुकून एका सेनापतीची बाहुली राहिली होती. तार जोडली. चाकं खोकली, थरथरली आणि फिरायला लागली. तोंडं हळूहळू पाण्याखाली गेली. मेले ते एका टोपलीत मावले. ते त्या दिवशी सगळ्यांनी मिळून आलं घालून खाल्ले.

आता खरं म्हणजे गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खिंगसान म्हणाला, "चाकंच लावू."

"मुळीच नाही," सूग्योक म्हणाली. "नळ्या लावायच्या."

"तुला चाकं हवी होती ना?"

"मला नव्हती हवी. तुमच्यासाठी हवी होती. आता नळ्या."

"अगं, नळ्या मला तरी कुठे हव्या होत्या? त्या तुझ्यासाठी. आता चाकं."

दोघे पहिल्यापेक्षा जोरात भांडले. आधी निदान स्वतःच्या मतासाठी भांडत होते, आता एकमेकांच्या. दुपारी पुन्हा देवळाची वाट धरली. हायचुआ काकांनी दोघांना लांबून येताना पाहिलं, चंद्रकोरी उचलल्या आणि सदऱ्याच्या खिशात घातल्या.

"राजेसाहेब विश्रांती घेतायत," ते म्हणाले.

"कधी उठतील?"

"तुमचं भांडण मिटल्यावर."

शेवटी निकाल लागला तो ट्रकमुळे. चाकांचा ट्रक बांधात रुतून बसला होता, तो बाहेर काढायला क्रेन यायची होती. नळ्यांचा ट्रक सरळ उभा होता. तेव्हा नळ्या उतरल्या आणि जुनी चाकं पाण्याबाहेर निघाली. कोकहुईने त्या तळाशी अंथरल्या, यंत्र शेडमध्ये बसवलं, बटण दाबलं. तळ्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे उकळी फुटण्याआधीच्या पाण्यासारखे यायला लागले. मासे खाली मजेत होते. कसलाही आवाज नव्हता. सुईलायने मोठ्या मनाने "छान आहे" म्हटलं आणि पेरू खायला घरात गेला.

खिंगसान झोपला नाही, हे सांगायला नको. दुपारी लवंडला की दचकून उठायचा, बांधापर्यंत जायचा, बुडबुडे बघून यायचा. गंमत म्हणजे सूग्योकही झोपली नाही. चाळीस वर्षं डोक्यावर घेतलेली उशी आता नुसती हातात धरून ती बसायची. पण दोघांनीही एकमेकांना सांगितलं, की काल काय गाढ झोप लागली.

रविवारी बुनहावचा फोन आला. तो दर रविवारी येतो. घडलेलं सगळं त्याच्यापासून लपवायचं, असं दोघांचं ठरलं होतं. नाहीतर सातवा मजला.

"बाबा, कसे आहात?"

"मजेत."

"आई?"

"मजेत. पेरू खातेय."

"गुडघे? औषध घेताय ना? मी काय म्हणत होतो, पुढच्या महिन्यात तुम्ही इकडे..." बुनहाव बोलता बोलता थांबला. मग त्याचा आवाज एकदम बदलला. "बाबा. चाक बंद आहे."

"काय?"

"चाक बंद आहे तुमचं! मागे आवाज येत नाहीये. बाबा, फोन ठेवा, आधी तळ्यावर जा. आईला घ्या. जनरेटर लावा. मी गाडी काढतो—"

"अरे थांब, थांब. चाक नाहीच आता. नळ्या आहेत. तळातून हवा जाते. मासे ठीक आहेत, आम्ही ठीक आहोत."

सूग्योकने फोनला कान लावला.

"नक्की?" बुनहावने विचारलं.

"नक्की."

"मग मला कसं कळणार?"

"काय कसं कळणार?"

"तुम्ही ठीक आहात ते," बुनहाव म्हणाला. "तुम्ही तर काहीही झालं तरी मजेत म्हणता. तळं पांढरं झालं तेव्हाही मजेत म्हणाला होतात. तुम्ही दोघं काय सांगता, ते मी ऐकतच नाही, बाबा. मागे चाक ऐकतो. ते चालू असलं की मग मी झोपतो."

खिंगसानने तोंड उघडलं आणि मिटलं. परवा तळ्यातले मासे करत होते, अगदी तसं. सूग्योकने फोन त्याच्या हातातून घेतला. "पुढच्या रविवारी फोन कर," ती म्हणाली. "जेवलास का?"

फोन ठेवून ती सरळ देवळात गेली. हायचुआ काकांनी खिशावर हात ठेवला. तिने नुसता तळहात पुढे केला. तिच्या चेहऱ्याकडे बघून काकांनी मुकाट कोरी काढून दिल्या.

तिने गुडघे टेकले. आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग पत्ता. आणि 'कोणासाठी' म्हणून सांगायची वेळ आली, तेव्हा जरा थांबून तिने मुलाचं नाव सांगितलं. ताओयुआन शहर, रस्ता, इमारत, सातवा मजला, डावीकडचं दार. मग विचारलं, "राजेसाहेब, याच्यासाठी आमच्या तळ्यात एक चाक ठेवू का?"

एक सपाट, एक फुगीर.

परत टाकल्या. एक सपाट, एक फुगीर.

तिसऱ्यांदा टाकताना काका बिया सोलायचे थांबले होते. एक सपाट, एक फुगीर.

"नुसता पत्ता चुकत होता होय," काका म्हणाले.

सुईलायचं एक निळं चाक घराच्या खिडकीखाली बसलं. माशांना त्याचा काडीचा उपयोग नाही, कोकहुई येता-जाता तसं सांगतोही. खिंगसान त्याला पेरू देतो आणि गोड आहेत म्हणतो. रविवारी बुनहावचा फोन आला, की सूग्योक आधी खिडकी उघडते आणि मग फोन उचलते. सातव्या मजल्याचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही. चाक बसलं त्या रात्री तिने उशी डोक्यावर घेतली आणि तिला लगेच झोप लागली.